उत्तराबरोबर रीतही सांगणारी वही

प्राथमिक शाळेतील गणिताच्या तासाला गुरुजींचे एक वाक्य ठरलेले असते : "नुसते उत्तर नको, रीत दाखवा." उत्तर बरोबर असले तरी रीत मांडलेली नसेल, तर पूर्ण गुण मिळत नाहीत. या शिस्तीमागे फार मोठा विचार आहे. रीत समोर असली म्हणजे उत्तर चुकले तर ते कोठे चुकले हे शोधता येते. आणि उत्तर बरोबर असेल तर दुसऱ्यालाही त्याच वाटेने जाऊन त्याची खात्री करून घेता येते.

शाळेबाहेर पडल्यावर मात्र या शिस्तीचा बहुधा विसर पडतो. ग्रामसभेत, अहवालात, वृत्तपत्रात आकडे येतात. अमुक टक्के घरांना नळ मिळाले, तमुक टक्के मुले शाळेत नियमित आहेत, पाण्याचे इतके नमुने दूषित निघाले. हे आकडे कोणत्या नोंदींवरून आले, कोणत्या नोंदी वगळल्या गेल्या, बेरीज कोणी व कशी केली, हे सांगणारा कागद मात्र क्वचितच सोबत असतो. परिणामी ऐकणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : डोळे मिटून विश्वास ठेवणे किंवा डोळे मिटून अविश्वास दाखविणे. लोकशाहीला हे दोन्ही मार्ग सारखेच घातक होत.

हा प्रश्न काही अंशी सोडविणारे एक साधन गेल्या दशकात जगभरच्या प्रयोगशाळांतून व विद्यापीठांतून रूढ झाले आहे. त्याचे नाव 'ज्युपिटर नोटबुक'. संगणकावर संकेतस्थळे पाहण्यासाठी जो ब्राउझर वापरला जातो, त्यातच उघडणारी ही एक वही आहे.

वहीचे स्वरूप

ही वही एकाखाली एक अशा चौकटींची बनलेली असते. चौकटी मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारच्या चौकटीत साधे लेखन करावयाचे : प्रश्न कोणता, माहिती कोठून आणली, निष्कर्ष काय. हे लेखन मराठीत, कन्नडमध्ये वा अन्य कोणत्याही भाषेत करता येते. दुसऱ्या प्रकारच्या चौकटीत संगणकाला द्यावयाच्या आज्ञा लिहावयाच्या. आज्ञा लिहून शिफ्ट व एंटर या दोन कळा एकदम दाबल्या, की संगणक ती आज्ञा पार पाडतो आणि तिचे उत्तर त्याच चौकटीखाली उमटते. उत्तर एखादी संख्या असेल, एखादा तक्ता असेल किंवा आलेखही असेल.

अशा रीतीने शब्द, आज्ञा आणि उत्तर ही तिन्ही एकाच पानावर, घडली त्या क्रमाने राहतात. ज्यांनी जुन्या पेढीवरील हिशेब पाहिला असेल, त्यांना रोजकीर्द आणि खतावणी आठवेल. खतावणीतील कोणत्याही रकमेवर बोट ठेवले, तर रोजकीर्दीतील मूळ नोंद दाखविता आली पाहिजे, असा तेथे दंडक असे. गणन-वहीत ही रोजकीर्द व खतावणी जणू एकत्र नांदतात. अधिक सोय अशी, की मूळ नोंद दुरुस्त केल्यावर चौकटी पुन्हा चालविल्या म्हणजे पुढची सर्व बेरीज नव्याने होते.

ही वही ब्राउझरमध्ये उघडत असली, तरी तिच्यासाठी इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. एकदा आपल्या संगणकावर बसविली म्हणजे ती त्याच संगणकात चालते. ती विनामूल्य आहे आणि तिची घडण कोणालाही पाहण्यास खुली आहे. मर्यादित साधनांच्या शाळेच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची होय.

उगम आणि प्रसार

विवेचन आणि संगणकाची आज्ञावली ही एकत्र लिहिली जावीत, हा विचार अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९८४ साली मांडला. आज्ञावली ही यंत्राइतकीच माणसाने वाचावयाची वस्तू आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे २००१ साली कोलंबियात जन्मलेले आणि अमेरिकेत पदार्थविज्ञानाचे संशोधन करीत असलेले फर्नांडो पेरेझ यांनी स्वतःच्या गरजेपोटी 'आयपायथन' नावाचे एक छोटे साधन रचले. अनेकांच्या सहकार्याने ते वाढत गेले आणि २०११ च्या डिसेंबरमध्ये त्याला ब्राउझरमधील वहीचे रूप मिळाले. २०१४ साली 'ज्युपिटर' हे नाव आले. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणकीय भाषांच्या नावांतून ते सिद्ध झाले आहे. त्यात गुरू ग्रहाचाही ध्वनी आहे. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूच्या चंद्रांची स्थाने रात्रीमागून रात्र आपल्या वहीत टिपली आणि त्या नोंदींवरून जगाने त्याचा निष्कर्ष तपासला. निरीक्षण व निष्कर्ष एकाच वहीत ठेवणाऱ्या त्या परंपरेचे स्मरण या नावात आहे.

या साधनाचे सामर्थ्य २०१६ साली ठळकपणे दिसून आले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी प्रथमच गुरुत्वीय लहरींची नोंद केली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी तशी घोषणा झाली. त्या वेळी शास्त्रज्ञांनी निष्कर्षासोबत मूळ नोंदी व त्यांवरील गणन दाखविणारी अशी एक वहीही सर्वांसाठी खुली केली. जगातील कोणत्याही विद्यार्थ्याला घरबसल्या तोच संकेत पुन्हा शोधून पाहता आला. अशा लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतीत पुण्याच्या आयुका संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर यांचे मोलाचे कार्य आहे, आणि लायगोच्या भारतीय वेधशाळेसाठी हिंगोली जिल्ह्यातील औंढा परिसर निवडला गेला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्या उभारणीस मंजुरी दिली.

देवळालीच्या गुरुजींचे कोडे

परंतु ही वही केवळ मोठ्या शास्त्रज्ञांसाठी आहे, अशी समजूत होऊ नये. शाळेच्या वर्गातही तिचा उपयोग होतो. त्यासाठी देवळाली येथील शाळेत अध्यापन केलेले गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचे प्रसिद्ध उदाहरण घेणे उचित ठरेल.

चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिच्या अंकांची मांडणी करून मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या तयार करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या वजाबाकीवर हीच कृती पुन्हा करावी. ३५२४ ही संख्या घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यानंतर कितीही वेळा कृती केली, तरी ६१७४ हीच संख्या येत राहते. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते.

पाटीवर मुले फार तर दहावीस संख्या पडताळून पाहतील. ०००० ते ९९९९ यांमधून सारख्या अंकांच्या १० संख्या वगळल्यास ९,९९० संख्या उरतात. गणन-वहीत दहाबारा ओळींची आज्ञावली लिहिली, की या सर्व संख्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तपासल्या जातात आणि किती संख्यांना किती पायऱ्या लागल्या, याचा आलेखही समोर येतो.

शिक्षकांच्या दृष्टीने खरा धडा याच्याही पुढे आहे. १००० या संख्येपासून प्रारंभ केल्यास पहिली वजाबाकी ०९९९ येते. एखादा विद्यार्थी डावीकडील शून्य सोडून देईल, तर ९९९ मधून ९९९ वजा जाऊन शून्य उरेल आणि कापरेकरांचा सिद्धान्त खोटा ठरल्याचा भास होईल. शून्य राखले, तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, आणि तेथून ८०८२ व ८५३२ या मार्गाने ६१७४ येतेच. संगणकही सांगितल्याखेरीज डावीकडील शून्य राखीत नाही. वहीत प्रत्येक पायरी उघडी असल्यामुळे चूक नेमक्या कोणत्या चौकटीत शिरली, हे विद्यार्थी स्वतःच शोधू शकतो. केवळ अंतिम उत्तर दाखविणाऱ्या यंत्रापाशी ही सोय नसते.

हुबळी-धारवाडचे पाणी

शाळेतील कोड्यातली चूक पुसून टाकता येते. पाण्याच्या किंवा रोगराईच्या आकड्यातील चूक इतक्या सहजी पुसली जात नाही. या संदर्भात हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांचा अनुभव मननीय आहे.

या दोन शहरांची मिळून १९६२ साली एक महानगरपालिका झाली. मलप्रभा नदीवरील जलाशय हा शहराच्या पाण्याचा एक प्रमुख आधार. तेथील बहुतेक वस्त्यांना काही दिवसांआड, ठरावीक तास पाणी मिळत असे. कर्नाटक शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव व गुलबर्गा या शहरांतील निवडक भागांत चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग हाती घेतला आणि २००८ च्या सुमारास तो प्रत्यक्षात आला. एकाच शहरात काही वॉर्डांना अखंड पाणी व शेजारच्या वॉर्डांना काही दिवसांआड पाणी, अशी स्थिती निर्माण झाल्यामुळे दोहोंची तुलना करणे शक्य झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१० च्या अखेरीपासून ही तुलना केली. पाच वर्षांखालील मूल असलेली ३,९२२ कुटुंबे त्यांनी पाहणीत घेतली आणि नळाच्या पाण्याचे नमुनेही तपासले.

नमुन्यांचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. विष्ठेतून होणाऱ्या दूषिततेची खूण असलेला 'ई. कोलाय' हा जीवाणू काही दिवसांआड पाणी येणाऱ्या नळांच्या ३१.७ टक्के नमुन्यांत आढळला. अखंड पुरवठ्याच्या नळांत हेच प्रमाण केवळ ०.७ टक्के होते. पाणी बंद असताना नळवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि सांध्यांतून, फटींतून बाहेरची घाण आत ओढली जाते. हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होय.

एवढा आकडा ऐकून थांबणारा मनुष्य असे समजेल की, अखंड पाणी आले म्हणजे मुलांचे जुलाबही तितकेच कमी झाले असतील. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आरोग्यविषयक निष्कर्षाने वेगळेच चित्र दाखविले. लहान मुलांतील जुलाबाच्या एकंदर प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. विषमज्वराच्या तक्रारी मात्र अखंड पुरवठ्याच्या भागांत कमी होत्या आणि अल्प उत्पन्नाच्या घरांत रक्ती आवेचे प्रमाणही कमी होते. नळाचे पाणी शुद्ध असले तरी घरातील साठवणीत ते दूषित होऊ शकते, आणि रोगजंतूंना पाण्याव्यतिरिक्तही वाटा असतात, असा त्याचा संभाव्य अर्थ संशोधकांनी सांगितला.

हे संशोधन सुरू झाले, तेव्हा ज्युपिटरची वही जन्मास यावयाची होती. तथापि, अशा वहीची गरज का आहे हे त्यावरून उत्तम प्रकारे समजते. एकाच शहराच्या, एकाच प्रयोगाच्या आकड्यांतून कोणी 'योजनेने चमत्कार घडविला' असे म्हणू शकेल, तर कोणी 'योजनेचा काहीच उपयोग झाला नाही' असे म्हणू शकेल. आणि दोघेही आपापल्या सोयीचा एकेक खरा आकडा पुढे करतील. कोणत्या घरांची कोणत्या घरांशी तुलना केली, कोणता रोग मोजला, किती काळ मोजला, ही रीत समोर असेल, तरच नागरिकाला त्यांतील सत्याचा ठाव लागेल.

गावपातळीवरील एक नमुना

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी-तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. अशा तपासणीच्या नोंदींपासून गणन-वहीचा आरंभ सहज करता येईल. उदाहरणादाखल असे समजू की, एका गावात १० ठिकाणचे नमुने घ्यावयाचे होते. प्रत्यक्षात ८ तपासले गेले, २ राहून गेले आणि तपासलेल्यांपैकी २ दूषित निघाले. न तपासलेल्या नमुन्यांच्या रिकाम्या जागा कोणी 'निर्दोष' म्हणून मोजल्या, तर दूषिततेचे प्रमाण २० टक्के दिसेल. फक्त तपासलेले नमुने धरले, तर ते २५ टक्के होईल. कागदावरील अहवालात केवळ '२० टक्के' असे छापून येईल आणि हा भेद कायमचा झाकला जाईल.

वहीत मात्र पहिल्या चौकटीत प्रश्न असेल, दुसरीत नोंदींचा तक्ता वाचण्याची आज्ञा, तिसरीत रिकाम्या जागांचे काय केले ते, चौथीत टक्केवारी, पाचवीत आलेख आणि शेवटी सोप्या भाषेत निष्कर्ष. तिसरी चौकट वाचणारा कोणताही शिक्षक, पंचायत सदस्य वा महाविद्यालयीन विद्यार्थी विचारू शकेल : "या दोन जागा निर्दोष कशा धरल्या?" असा प्रश्न विचारला जाणे, हे प्रशासनाला अडचणीचे वाटण्याचे कारण नाही. ज्या विहिरीचे पाणी तपासायचे राहून गेले, ती विहीर त्यामुळेच लक्षात येते.

रीत झाकली गेल्याने मोठमोठ्यांचीही फसगत होते, याचे एक विख्यात उदाहरण अर्थशास्त्रात आहे. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक झाले की वाढीचा दर उणे ०.१ टक्क्यापर्यंत खाली येतो, असा सरासरी आकडा कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगोफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली दिला. अनेक देशांतील धोरणचर्चेत त्याचा आधार घेतला गेला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मिळवून पडताळला, तेव्हा सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सूत्रातून सुटल्याचे दिसले. काही वर्षांच्या नोंदी गाळल्या होत्या आणि देशांना दिलेले वजनही वादग्रस्त होते. हर्न्डन व त्याच्या प्राध्यापकांच्या गणनेनुसार तो दर अधिक २.२ टक्के निघाला. तक्ता विद्यार्थ्याच्या हाती पडेपर्यंत तीन वर्षे लोटली होती.

दक्षता हवी

तथापि, साधन चांगले म्हणून त्यावर अंधविश्वास ठेवणे योग्य नव्हे. या वहीतील चौकटी कोणत्याही क्रमाने चालविता येतात. पाचवी चौकट आधी चालविली, मग दुसरी बदलली, चौथी पुसून टाकली, तरी आधीचे उत्तर पानावर तसेच राहते. अशी वही पाहणाऱ्याला रीत दिसते खरी. परंतु ती त्या उत्तराची रीत नसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लोकांनी सार्वजनिक रीत्या ठेवलेल्या सुमारे १४ लाख वह्या संशोधकांनी गोळा केल्या. त्यांतील ज्या पुन्हा चालवून पाहणे शक्य झाले, त्यांपैकी सुमारे २४ टक्केच विनाअडथळा चालल्या आणि सुमारे ४ टक्क्यांनीच पहिल्यासारखे उत्तर दिले.

यास्तव काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. काम पूर्ण झाल्यावर वहीमागील गणन पूर्णपणे थांबवून ती नव्याने सुरू करावी आणि पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत क्रमाने चालवावी. तेच उत्तर आले तरच ती दुसऱ्याच्या हाती द्यावी. मूळ नोंदींच्या तक्त्यात हात घालू नये. दुरुस्ती करावयाची ती वहीत, कारणासह करावी. माहिती कोणी, कोठे व कोणत्या दिवशी गोळा केली, हे पहिल्याच चौकटीत लिहावे.

आणखी एक सूचना गोपनीयतेसंबंधी. 'गूगल कोलॅब'सारख्या सेवांमधून अशी वही स्वतःच्या संगणकावर काहीही न बसविता वापरता येते. पण तेथे गणन दुसऱ्याच्या यंत्रावर होते आणि नोंदीही तेथेच जातात. रुग्णांची नावे, विद्यार्थ्यांचे पत्ते अथवा आधार क्रमांक असलेली माहिती अशा ठिकाणी कदापि चढवू नये.

भाषा आणि शिक्षण

इंग्रजीच्या धास्तीने अनेकजण संगणकापासून दूर राहतात. गणनाच्या आज्ञा रोमन लिपीतील मोजक्या इंग्रजी शब्दांत असतात, हे खरे. परंतु पायथन या भाषेत आपण ठरविलेली नावे देवनागरीत लिहिता येतात. 'पाऊस', 'सरासरी', 'गाव' अशी नावे संगणक निमूटपणे स्वीकारतो आणि तक्त्यातील मराठी अंकही संख्या म्हणून वाचू शकतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने संगणकविषयक दृक्श्राव्य पाठ मराठी व कन्नडसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन शिकविली जाते.

हुबळी-धारवाडला या बाबतीत साधनसामग्रीची उणीव नाही. १९४९ चे कर्नाटक विद्यापीठ, १९८६ चे कृषिविज्ञान विद्यापीठ, २०१५ ची भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि २०१६ ची भारतीय तंत्रज्ञान संस्था ही सर्व एकाच परिसरात आहेत. कृषी विद्यापीठातील पर्जन्याच्या नोंदी, महानगरपालिकेचे पाणी, शाळांची हजेरी या विषयांवर येथील विद्यार्थ्यांनी अशा वह्या तयार केल्या आणि सोबतचे विवेचन मराठीत व कन्नडमध्ये लिहिले, तर विद्यापीठातील ज्ञान खेड्यापर्यंत पोहोचण्याची एक वाट खुली होईल. याच धारवाडात, घरी मराठी बोलणारे व कन्नडमध्ये काव्य लिहिणारे ज्ञानपीठविजेते द. रा. बेंद्रे यांनी उत्तरायुष्यात अंकांच्या चिंतनात स्वतःला वाहून घेतले होते. शब्द आणि अंक यांचे वैर असते, ही समजूत निदान या नगरीत तरी टिकू नये.

श्रोतेहो, गणन-वही चुका थांबवीत नाही. प्रामाणिक मनुष्य तिच्यातही चुकेल आणि अप्रामाणिक मनुष्य तिच्यातही लबाडी करील. पण तिच्या पानावर चूक लपून राहणे कठीण होते, आणि ती शोधण्याचा अधिकार तज्ज्ञाइतकाच गावच्या शिक्षकाला व विद्यार्थ्यालाही मिळतो. पुढील ग्रामसभेत पाण्याचा, पिकाचा वा हजेरीचा आकडा वाचून दाखविला जाईल, तेव्हा कोणीतरी उभे राहून शांतपणे विचारावे : "उत्तर समजले, आता रीत दाखवा." आणि ती रीत दाखविणारी वही पंचायतीच्या टेबलावर तयार असावी.